व्हँपायर आणि पॅरानॉर्मल रोमान्स कादंबऱ्या: वाचकांचे नेहमीचे प्रश्न

पॅरानॉर्मल रोमान्स म्हणजे नक्की काय?

जिचा कणा प्रेमकथा आहे आणि जिच्यातल्या जोडीपैकी किमान एक जण माणूस नाही, किंवा माणूस असूनही त्याच्याकडे अमानवी शक्ती आहे, ती कादंबरी म्हणजे पॅरानॉर्मल रोमान्स. व्हँपायर, वेअरवुल्फ, चेटकीण, भूत, पतित देवदूत, कोणीही चालतं. अमेरिकेतल्या रोमान्स लेखकांच्या संघटनेनं रोमान्सच्या व्याख्येत दोन अटी घातल्या आहेत. प्रेमकथा मध्यवर्ती हवी आणि शेवट मनाला समाधान देणारा, आशादायक हवा. वाचक या शेवटाला 'एचईए' म्हणतात, म्हणजे शेवटी दोघं कायमची एकत्र. ही दुसरी अट फार महत्त्वाची आहे. नायक-नायिकेची ताटातूट होऊन पुस्तक संपलं, तर ते कितीही सुंदर असलं तरी या कप्प्यातलं नाही.

मग अर्बन फँटसी, म्हणजे शहरात घडणारी अद्भुतकथा, वेगळी कशी ओळखायची?

पुस्तकातून प्रेमकथा काढून टाकली तर काय उरतं ते पाहा. खुनाचा तपास, टोळ्यांची लढाई, शहरावरचं संकट असं सगळं शाबूत राहत असेल तर ती अर्बन फँटसी. काहीच उरत नसेल तर रोमान्स. अर्थात सीमारेषा पुसट आहे. लॉरेल के. हॅमिल्टन यांची १९९३ साली सुरू झालेली अनिता ब्लेक मालिका आधी मृतांना उठवणाऱ्या एका बाईच्या रहस्यकथा म्हणून रंगते आणि पुढच्या भागांमध्ये प्रणयाकडे इतकी झुकते की वाचकांत अजून वाद होतात. मुखपृष्ठांवर विसंबू नका, दोन्हीकडे चंद्र, धुकं आणि काळं जाकीट असतंच. मागची ओळख वाचा. तिथे दोघांची नावं आणि दोघांच्या अडचणी दिल्या असतील तर बहुतेक रोमान्स, एकटीच्या कामगिरीबद्दल लिहिलं असेल तर बहुतेक अर्बन फँटसी.

मी भयकथा वाचत नाही. हे झेपेल का?

झेपेल. इथे अंधार असतो, रक्त असतं, कधी कधी हिंसा बरीच असते, पण लेखकाचा हेतू तुम्हाला घाबरवून सोडण्याचा नसतो. भयकथेत कोण जिवंत राहील याची खात्री नसते. इथे नायक-नायिका सुखरूप राहणार हे तुम्हाला पहिल्या पानापासून ठाऊक असतं, आणि त्यामुळे बराच ताण सुसह्य होतो.

रक्त पिणारं प्रेत प्रेमात पडण्याजोगं झालं तरी कधी?

माझ्या सगळ्यात आवडीचा प्रश्न, त्यामुळे उत्तर लांबणार.

लोककथेतला व्हँपायर देखणा नव्हता. पूर्व युरोपातल्या खेड्यांना ज्याची धास्ती होती तो म्हणजे कबरीतून उठून आपल्याच घरच्यांना आणि शेजाऱ्यांना छळणारा, फुगलेला, लालबुंद चेहऱ्याचा मेलेला गावकरी. त्याच्या अंगावर उमरावाचे कपडे चढवले ते जॉन पॉलिडोरीनं. १८१५ साली इंडोनेशियातल्या तांबोरा ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक झाला आणि पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळा असा आलाच नाही. जिनिव्हा सरोवराकाठच्या एका बंगल्यात पावसामुळे अडकून पडलेल्या मंडळींनी भुताच्या गोष्टी लिहायचं ठरवलं. मेरी शेलीच्या 'फ्रँकेन्स्टाइन'चा जन्म तिथलाच. लॉर्ड बायरननं एक गोष्ट सुरू करून अर्धवट सोडली. तिच्या आधारानं त्याचा तरुण डॉक्टर पॉलिडोरी यानं 'द व्हँपायर' लिहिली. १८१९ साली ती छापून आली तेव्हा लेखक म्हणून नाव बायरनचं पडलं होतं! तिच्यातला लॉर्ड रूथ्वेन फिकट चेहऱ्याचा, थंड नजरेचा, बड्या घरांच्या मेजवान्यांत मिरवणारा आहे. बायका त्याच्याकडे ओढल्या जातात आणि उद्ध्वस्त होतात. धोका आणि आकर्षण एकाच देहात आले ते इथे.

त्यानंतर काय बदलत गेलं हे समजून घ्यायचं असेल तर गोष्ट कोण सांगतंय याकडे लक्ष द्या. १८७२ सालच्या 'कार्मिला'त शेरिडन ले फानूनं निवेदन दिलं ते लॉरा नावाच्या तरुणीला, जिच्यावर ती व्हँपायर मुलगी भाळली आहे. लॉराला तिची ओढही वाटते आणि किळसही, आणि दोन्ही ती लपवत नाही. १८९७ साली ब्रॅम स्टोकरचा 'ड्रॅक्युला' आला. तो सगळा डायऱ्या, पत्रं आणि कात्रणांतून उलगडतो आणि लिहिणारे जवळपास सगळे काउंट ड्रॅक्युलाच्या जिवावर उठलेले. काउंटची बाजू त्याच्या स्वतःच्या लेखणीतून एकदाही येत नाही. १९७६ साली ॲन राइस यांनी ती गाठ सोडवली. त्यांच्या 'इंटरव्ह्यू विथ द व्हँपायर'मध्ये व्हँपायर स्वतः बसून आपली कहाणी सांगतो, त्यात अपराधाची बोच आहे, एकटेपण आहे, कधीही न संपणाऱ्या आयुष्याचा थकवा आहे. ज्याचं मन आपण आतून पाहिलं त्याला नुसता राक्षस म्हणणं कठीण जातं. एकदा त्याला मन मिळालं की ते कुणावर तरी जडणार हे ओघानंच आलं.

नव्वदच्या दशकात अमेरिकेत या कथांना स्वतःची बाजारपेठ मिळाली. २००१ साली शार्लेन हॅरिस यांची सूकी स्टॅकहाउस मालिका सुरू झाली आणि २००५ साली स्टेफनी मेयर यांच्या 'ट्वायलाइट'नं हे वाचन शाळकरी मुलींपासून त्यांच्या आयांपर्यंत पोहोचवलं. आता जो निवेदनाचा आवाज ऐकू येतो तो बहुधा नायिकेचा असतो. 'ड्रॅक्युला'तल्यासारखा तिला दुरून वाचवायला कुणी प्रोफेसर येत नाही, निर्णय तिचा तिनं घ्यायचा असतो.

व्हँपायरांवर लोकांचा खरंच विश्वास होता?

होता, आणि सरकारी कागदांत त्याची नोंद आहे. १७२५ साली हॅब्सबर्ग सत्तेखालच्या सर्बियातल्या किसिलेवो गावात पेटर ब्लागोयेविच नावाचा माणूस वारला. पाठोपाठ गावात आणखी माणसं दगावली. लोकांनी कबर उघडली तर देह सडलेला नाही, तोंडाशी ताजं वाटणारं रक्त. त्यांनी छातीत खुंटा ठोकून प्रेत जाळलं, आणि तिथल्या अधिकाऱ्याचा अहवाल व्हिएन्नाच्या वर्तमानपत्रात छापला गेला. कुजताना शरीरात वायू साठून ते फुगतं, गडद द्रव तोंडावाटे बाहेर येतो, कातडी आकसल्यामुळे नखं वाढल्यासारखी दिसतात, हे तेव्हा सर्वसामान्यांना ठाऊक नव्हतं. १७५५ साली सम्राज्ञी मारिया थेरेसानं आपला वैद्य गेरार्ड व्हान स्वीटेन याच्याकडून या प्रकाराची शहानिशा करवली आणि कबरी उकरण्यावर बंदी घातली.

प्रत्येक पुस्तकात व्हँपायरचे नियम वेगळे का असतात? खरे नियम कोणते?

खरे असे कोणतेच नाहीत. आपल्याला प्राचीन वाटणारे काही नियम तर अलीकडचे आहेत. ऊन लागताच व्हँपायर नष्ट होतो हे घ्या. स्टोकरचा ड्रॅक्युला दिवसाढवळ्या लंडनमध्ये फिरतो, फक्त त्याच्या शक्ती तेव्हा कमी होतात. सूर्यकिरणांनी मरण ही कल्पना रूढ केली ती १९२२ सालच्या 'नोस्फेराटू' या जर्मन मूकपटानं. पॉलिडोरीचा रूथ्वेन तर चंद्रप्रकाशात पुन्हा जिवंत होतो. आरशात प्रतिबिंब न दिसणं आणि बोलावल्याशिवाय घरात पाऊल टाकता न येणं, हे मात्र स्टोकरच्या पुस्तकात आहे.

तेव्हा एखाद्या लेखिकेचा व्हँपायर उन्हात चमकला म्हणून चिडू नका. नियम नवा असायला हरकत नाही, तो शेवटपर्यंत पाळला जातो का हे पाहा. दोनशे पानं लसणानं हैराण होणारा नायक शेवटच्या लढाईत लसूण विसरला, तर तुम्हाला पुस्तक मिटण्याचा पूर्ण अधिकार आहे. आणि चांगल्या लेखकाच्या हाती नियम प्रेमकथेचं कामही करतो. सूकी स्टॅकहाउसचंच उदाहरण घ्या. तिला सगळ्यांच्या मनातलं ऐकू येतं आणि त्या कलकलाटानं ती पिचून गेली आहे. व्हँपायरचं मन तिला ऐकू येत नाही, त्यामुळे आयुष्यात पहिल्यांदा ती कुणाच्या तरी शेजारी शांत बसू शकते. तिला तो का आवडला हे वेगळं सांगायला लागत नाही.

वेअरवुल्फ म्हणजे लांडगा होणाऱ्या माणसांच्या कथांमध्ये तो 'अल्फा', म्हणजे कळपाचा म्होरक्या असलेला नायक सारखा का येतो?

रुडॉल्फ शेंकेल या शास्त्रज्ञानं पिंजऱ्यात ठेवलेल्या, एकमेकांशी नातं नसलेल्या लांडग्यांचा अभ्यास १९४७ साली प्रसिद्ध केला. अशा कळपात वर्चस्वासाठी झुंजी होतात असं त्यात दिसलं आणि ही कल्पना लोकप्रिय झाली. रानातला कळप मात्र सहसा एक कुटुंब असतो, आईबाप आणि त्यांची पिल्लं. डेव्हिड मेक या लांडगा-अभ्यासकानंच १९९९ साली हे ठामपणे मांडलं, आणि त्याच्या आधीच्या पुस्तकामुळेच 'अल्फा' घराघरांत पोहोचला होता. कादंबऱ्यांनी जुनी कल्पना सोडलेली नाही, कारण तिच्यात नाट्य आहे. माझा कल विचाराल तर, ज्या पुस्तकांत अल्फा म्हणजे कळपाची काळजी वाहणारा, सगळ्यात शेवटी जेवणारा असा असतो, ती अधिक रंगतात. नुसता गुरगुरणारा नायक शंभर पानांत कंटाळवाणा होतो.

'फेटेड मेट्स' म्हणजे काय?

नियतीनं ठरवून दिलेला जोडीदार. वास आला, नजर भिडली की कळतं, हीच ती. काही वाचकांना यात मोठा दिलासा वाटतो, काहींना हा शॉर्टकट वाटतो. दोघं एकमेकांचे आहेत हे पहिल्याच प्रकरणात ठरलं तर पुढे लिहायचं काय? चांगली पुस्तकं तिथून खरा पेच सुरू करतात. ओढ नियतीची असली तरी होकार माझा आहे की नाही, आणि ओढ नसती तर मी याला निवडलं असतं का?

नायक दोनशे वर्षांचा आणि नायिका विशीतली. हे खटकायला नको का?

खटकलं तर खटकू द्या, त्यात तुमचं वाचन चुकत नाही. वयातलं अंतर, ताकदीतलं अंतर आणि अनुभवातलं अंतर ही तीन वेगळी अंतरं आहेत आणि पुस्तक त्यांच्याकडे डोळसपणे पाहतं का हे महत्त्वाचं. दोन शतकं जगलेल्या माणसानं किती प्रियजन गमावले असतील, नव्या काळात तो किती उपरा असेल, नायिकेला म्हातारपण येणार आणि त्याला नाही, या गोष्टींना कथेत वजन असेल तर ते वय अर्थपूर्ण ठरतं. ते फक्त महागड्या गाड्या आणि अनेक भाषा येण्यापुरतं वापरलं असेल, तर तो वेषांतर केलेला तिशीतला नायकच. नायिका शाळकरी असेल तर मात्र माझा हात आखडतो, आणि अनेक वाचक तिथेच थांबतात.

नायक पाठलाग करतो, तिला न विचारता निर्णय घेतो. अशा पुस्तकांची मजा घेणं चुकीचं आहे का?

कल्पनेत जे रोमांचक वाटतं ते प्रत्यक्षात हवंसं असतंच असं नाही, आणि प्रौढ वाचकाला हा फरक चांगला कळतो. खुनाच्या कादंबऱ्या वाचणाऱ्याला आपण खुनशी म्हणत नाही. रात्री खिडकीत उभा राहून झोपलेल्या मुलीकडे पाहणारा माणूस खऱ्या आयुष्यात पोलिसांत तक्रार करण्याच्या लायकीचा आहे. पुस्तकात ती खिडकी तुमच्या ताब्यात असते, नको झालं की मिटता येते.

तरीही पुस्तकापुस्तकांत फरक करावा, असं मला मनापासून वाटतं. या कथांचा गाभा नुसत्या धोक्यात नसून आवरण्यात आहे. ज्याला मनात आणलं तर क्षणात इजा करता येईल, ज्याची भूकच तिच्या रक्ताची आहे, तो स्वतःला आवरतो, विचारतो, थांबतो. तिच्या होकाराला किंमत येते ती त्यामुळे. व्हँपायरला मन वश करण्याची शक्ती असेल आणि तो ती तिच्यावर वापरत असेल, तर तिच्या प्रेमाला अर्थच उरत नाही. म्हणून अनेक लेखिका नायिकेवर ती शक्ती चालत नाही असा नियम करतात, सूकीवरही ती चालत नाही. जिथे नायकाला आवरायची गरजच वाटत नाही आणि पुस्तकही त्याची पाठ थोपटतं, तिथे माझी मजा संपते. तुमची रेषा वेगळीकडे असू शकते. ती कुठे आहे हे वाचता वाचताच कळतं.

प्रणयदृश्यं किती असतात?

दारापाशी पडदा टाकणाऱ्या कथांपासून अत्यंत उघड वर्णनांपर्यंत सगळं मिळतं. वाचक याला 'स्पाइस' म्हणतात आणि परीक्षणांमध्ये त्याची पातळी बहुधा सांगितलेली असते. नको असलेली पानं सरळ उलटा.

किशोरवयीन मुलांना द्यावं का?

किशोरांसाठी लिहिलेली पुस्तकं आणि प्रौढांसाठी लिहिलेली पुस्तकं यांची मुखपृष्ठं फसवी असतात, म्हणून देण्याआधी स्वतः चाळा. त्याहून चांगलं म्हणजे बरोबरीनं वाचा. 'त्यानं तिला मैत्रिणींपासून तोडलं, ते तुला कसं वाटलं?' हा प्रश्न पुस्तकातल्या पात्राबद्दल विचारणं सोपं असतं, आणि मुलंही त्याचं उत्तर मोकळेपणानं देतात.

सुरुवात कुठून करू? मालिका क्रमानंच वाचायची का?

आधी तुमचा मूड ठरवा. हसू आणि रहस्य हवं असेल तर सूकी स्टॅकहाउस. ती १३ कादंबऱ्यांत २०१३ साली पूर्ण झाली, त्यामुळे शेवटाची वाट पाहावी लागत नाही. मोठं, बारकाईनं रचलेलं जग हवं असेल तर नलिनी सिंग यांची २००६ साली सुरू झालेली साय-चेंजलिंग मालिका. तिच्यात भावना दाबून जगणारा, मनाच्या अमानवी शक्ती असलेला एक समाज आहे आणि रूप बदलणाऱ्यांचा दुसरा, स्पर्शावर जगणारा.

क्रमाचं म्हणाल तर दोन प्रकारच्या मालिका असतात. एकात जोडपं तेच राहतं आणि नातं भागागणिक पुढे सरकतं. ती पहिल्या भागापासूनच वाचावी. दुसऱ्या प्रकारात जग तेच, पण प्रत्येक भागात नवं जोडपं. तिथे मधूनही शिरता येतं, फक्त आधीच्या जोडप्यांचं काय झालं हे आपोआप कळून जातं. मला स्वतःला दुसरा प्रकार जास्त भावतो. तिसऱ्या भागात कोपऱ्यात गप्प उभा असलेला एखादा पुढे स्वतःची गोष्ट घेऊन येतो तेव्हा जुना ओळखीचा भेटल्यासारखं वाटतं.

इंग्रजीत सलग वाचायची सवय नाही. जमेल?

सवय लावायला हा प्रकार उत्तम आहे. संवाद भरपूर, वाक्यं बोलण्यातली, आणि कथेची ओढ इतकी की अडखळलात तरी पुढे जाता. शिवाय एका मालिकेतले खास शब्द पुन्हा पुन्हा येतात, पन्नास पानांत ते सरावाचे होतात. प्रत्येक शब्द शोधत बसू नका. ई-बुकमध्ये शब्दावर बोट ठेवलं की अर्थ दिसतो, तेवढं पुरे. एकोणिसाव्या शतकातली इंग्रजी मात्र पहिल्या फटक्यात घेऊ नका.

शेवट आधीच माहीत असतो. मग वाचायचं कशाला?

'कसं' यासाठी. एक मरणार आणि एक नाही, एक दिवसा जागी आणि एक रात्री, एकाची भूक दुसऱ्याचा जीव घेऊ शकते. हे दोघं एकत्र येणार कसे? वाटा मोजक्याच. ती त्याच्यासारखी होते, तो माणूस होतो, दोघांनी मिळून तिसरा मार्ग काढायचा, किंवा आहे तेवढ्या वर्षांवर समाधान मानायचं. लेखिका यातली कोणती वाट घेते आणि तिची किंमत कुणाकडून वसूल करते, यावरच पुस्तक उभं राहतं किंवा पडतं. किंमत न मोजता मिळालेलं अमरत्व मला कधीच पटलेलं नाही.

लोक म्हणतात, 'काहीतरी चांगलं वाच.' काय उत्तर देऊ?

उत्तर द्यायलाच हवं असं नाही. रोमान्स वाचणाऱ्या बायकांशी बोलून जॅनिस रॅडवे या अभ्यासिकेनं १९८४ साली एक पुस्तक लिहिलं. त्या बायकांनी तिला आवर्जून सांगितलं की पुस्तक उघडून बसणं ही कृतीच त्यांना मोलाची वाटते. सगळ्यांचं करता करता तेवढा वेळ फक्त आपला असतो. मला हे शंभर टक्के पटतं. आनंदासाठी वाचायला परवानगी लागत नाही. आणि लिखाणाचा दर्जा काढायचा तर प्रत्येक प्रकारात उत्तम, बरं आणि वाईट असतं, इथेही आहे. फरक एवढाच की इथलं वाईट पुस्तक दाखवून सगळ्या प्रकाराला नावं ठेवली जातात, कारण तो मुख्यतः बायका लिहितात आणि बायका वाचतात. पुरुष वाचतात का, असंही विचारलं जातं. वाचतात, आणि आणखी वाचावं.

पुस्तक अर्ध्यात सोडलं तर?

सोडा. वाचकांनी त्यासाठी 'डीएनएफ' (डिड नॉट फिनिश, म्हणजे पूर्ण केलं नाही) असा शेरा करून ठेवला आहे, इतकं ते नेहमीचं आहे.

एकामागून एक वाचून सगळी सारखीच वाटायला लागली. आता?

प्राणी बदला. व्हँपायरांचा कंटाळा आला असेल तर भुताची प्रेमकथा घ्या, तिथे स्पर्शच शक्य नसतो आणि लेखिकेला सगळं संवादांतून उभं करावं लागतं. काळ बदला, ऐतिहासिक पार्श्वभूमीची घ्या. तरीही मन रमत नसेल आणि इंग्रजीचा सराव झाला असेल, तर थेट 'कार्मिला'कडे जा. छोटी आहे, एक-दोन बैठकांत संपते, आणि कॉपीराइट केव्हाच संपल्यामुळे ई-बुक फुकट मिळतं. तिचा शेवट एचईए नाही, हे आधीच सांगून ठेवते.